ज्येष्ठाचं ढेकूळ

गंग्या,

लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा मळलेल्या मातीवरचं फडकं ओलं आहे का ते बघायला, एकदा पाणी प्यायला आणि एकदा काहीच कारण नसताना. चंद्रा म्हणाली, "एका जागी बसा की जरा. काय लावलंय सकाळपासून?" तिला काय सांगू? तुला जाऊन तेवीस दिवस झाले आणि मला तुझ्याशी भांडायचंय, हे बायकोला सांगून समजण्यासारखं नाही. मलाच ते कालपासून समजतंय.

आधी एक सांगून टाकतो. मी तुला 'तू' म्हणतोय. तुझी मुंज झाली त्या दिवशी माझ्या आईनं मला दम दिला होता, "आता गंगाधराला अरे-तुरे करायचं न्हाई, ते जोशाचं पोर हाय." दुसऱ्या दिवशी दुधनेच्या डोहावर मी तुला घाबरत घाबरत 'अहो' म्हणालो, तर तू पाण्यात बुडी मारलीस आणि वर येऊन म्हणालास, "इथं कोण ऐकून राह्यलंय?" तेव्हापासून आपलं ठरलं. नदीवर गंग्या आणि सटव्या, गावात जोशीबुवा आणि सटवा कुंभार. चाळीस वर्षं मी हे पाळलं. एकदाही जीभ घसरली नाही. आता वाटतं, घसरली असती तर बरं झालं असतं.

अक्षरंही तुझीच. शाळेत मास्तर उर्दू शिकवायचे, ती तुला यायची, मला यायची नाही. बाळबोध लिपी तू घरी वडिलांकडून उचलायचास आणि संध्याकाळी आमच्या ओल्या मातीच्या लादीवर काडीनं काढून दाखवायचास. माझा बाप चिडायचा, कारण 'क' काढलेली माती पुन्हा मळावी लागायची. आज ज्या हातानं हे लिहितोय त्या हाताला वळण तूच लावलंस, आणि लिहायचं आहे ते हे असं.

तुला पावसाचं वेड होतं. जोशीपण काय, तुझ्या वडिलांचंही होतं. ते पाडव्याला मारुतीच्या पारावर पंचांग उघडायचे, संवत्सराचं फळ वाचायचे, विड्याचं पान घ्यायचे आणि घरी जायचे. तू मात्र मार्गशीर्षापासूनच मान वर करून फिरायला लागायचास. ढगाला गर्भ राहतो, असं तुझं म्हणणं. वारा कुठला, चंद्राला खळं पडलं का, वीज कुठल्या दिशेला चमकली, हे टिपायचं, आणि त्या दिवसापासून एकशे पंच्याण्णव दिवस मोजायचे. त्या सुमाराला त्या ढगाचं बाळंतपण, म्हणजे पाऊस. मी विचारलं होतं, "बाप कोण मंग?" तू न हसता म्हणालास, "वारा." कागद परवडत नव्हता म्हणून तू माझ्या फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर गेरूनं लिहायचास. पौष शुद्ध सप्तमी, पूर्वेचा वारा, खळं मोठं. माझ्या पडवीचा एक कोपरा तुझ्या ढगांनी भरला होता. चंद्रानं एकदा त्यातल्या एका खापरीवर चुलीतला विस्तव उचलून नेला, तर तू दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाहीस. "माझा अख्खा श्रावण जाळला वहिनीनं," म्हणालास.

आणि ती तुझी नक्षत्रांची वाहनं! सूर्य नव्या नक्षत्रात शिरला की त्याच्यापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, उरेल त्या आकड्याचं जनावर. तू चिंचोके मांडून मला शिकवायचास. तीन उरले तर बेडूक, सात उरले तर म्हैस, काहीच उरलं नाही तर हत्ती. ही सगळी पाण्याची. दोन उरले तर कोल्हा, आठ उरले तर गाढव. मग आभाळाकडे बघत बसायचं. मी म्हणायचो, माझ्या दारात दोन गाढवं उभी आहेत, दिवसभर माती वाहतात बिचारी, त्यांना पोथीत कशाला बदनाम करतोस? तू चिंचोके गोळा करून परत मोजायचास. गाढव आलेलं तुलाही आवडायचं नाही.

या सगळ्यात घटाची तुला लाज वाटायची. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखितीला, पारावर शेतातली चार ढेकळं मांडायची. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. त्यांवर माझा नवा कोरा घट पाण्यानं भरून ठेवायचा. सकाळी मांडायचा, दिवस बुडता उचलायचा. पाझरून पाझरून जे ढेकूळ जास्त भिजलं, त्या महिन्यात जास्त पाऊस. गावाला तुझ्या आकड्यांपेक्षा हेच पटायचं, कारण ते डोळ्यांना दिसायचं. तू मांडायचास, सांगायचास, आणि नदीवर माझ्यावर चिडायचास.

"हे गणित न्हाई सटव्या. मडक्याचा घाम हाय निस्ता."

"आन् कोल्हा, बेडूक हे गणित व्हय?"

"व्हय. त्याला सूर्य लागतो, चंद्र लागतो. तुझ्या घटाला फकस्त तू लागतोस."

हा वाद आपण किती वर्षं घातला! दर आश्विनात हिशेब. कुणाचं जुळलं, तुझ्या पंचांगाचं की माझ्या घटाचं. कधी तू वरचढ, कधी मी. तुझ्या त्या शेवटच्या वाक्याला मी तेव्हा हसायचो.

मग ते साल आलं. आधीची दोन सालं कोरडी गेली होती, लोक आधीच कावलेले. पाडव्याला तू पंचांग उघडलंस. रोहिणीचा वास पर्वतावर, मेघाचा मुक्काम कुंभाराच्या घरी. पोथीत पावसाला उतरायला चारच घरं. माळ्याच्या नाहीतर परटाच्या घरी उतरला तर भरपूर, वाण्याच्या घरी मोजूनमापून, आणि कुंभाराकडे म्हणजे कमी, कारण कुंभाराला आपलं ऊन हवं. शेकडो वर्षांचं वाक्य. पण आपल्या गावात कुंभाराचं घर एकच. सगळा पार माझ्याकडे वळून हसला. मीही हसलो. कुणीतरी म्हणालं, "सटवा, पाव्हणा आलाय तुझ्याकडं, नीट ठेव त्याला!"

पंधरा दिवस गंमत चालली. मग आडाला तळ लागला, बाया दुधनेच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायला लागल्या, आणि गमतीचा सूर बदलला. "सोड की रे पाऊस, कुठं दडवून ठेवलास?" एक म्हातारी खरंच आत आली आणि माझ्या रांजणाचं झाकण उचलून बघून गेली. मी चंद्राला म्हणालो, हसून सोड. तिला सातवा महिना होता.

त्या दुपारी मडकी भाजायचा आवा पेटवला होता. उन्हाळ्याचे सगळे माठ आणि रांजण आत. सात-आठ जण आले, डोक्यावर घागरी. मला वाटलं कुठं आग लागली. ते सरळ आव्यावर आले आणि ओतायला लागले. "कुंभाराचा पाऊस भिजवून काढू!" गावाला प्यायला पाणी नव्हतं, पण माझा आवा विझवायला सात घागरी मिळाल्या. मडकी आतल्या आत फुटताना जो आवाज येतो तो कुंभारालाच कळतो. चंद्रा मधे गेली, कुणाचा तरी कोपर लागला, ती पोट धरून खाली बसली. तेव्हा ते थांबले. पण जाताना एक जण म्हणाला, "मृग लागंस्तोर कुंभारानं गावात राहू न्हाई. हा गेला म्हंजे पाऊस मोकळा होईल. आखितीचा घट काय म्हणतो बघू, मंग ठरवू." कुठं जाणार होतो सातव्या महिन्याची बाई घेऊन? तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, माझं तर होतं ते इथंच.

संध्याकाळी तू आलास. राखेत हात घालून खापऱ्या वेचायला लागलास. जोशी आणि राखेत! मी म्हणालो, राहू दे. तू म्हणालास, "पंचांगातला कुंभार तू न्हाईस रे. तो आभाळातला हाय." मी म्हणालो, "गावात दुसरा कुंभार दाखव मंग." आणि वर हेही बोललो, "तुझ्या पोथीनं आज माझी बायको मारली असती." तू हातातल्या खापऱ्या हळूच खाली ठेवल्यास आणि गेलास. ते वाक्य मी परत घेतलं नाही. घ्यायचं होतं.

चार दिवसांनी मी घट घडवला. चाकावरून उतरवलेलं मडकं आम्ही थापटून वाढवतो हे तू हजारदा पाहिलंस. बाहेरून लाकडी थापी, आतून दगडी गोटा. जिथं जास्त थापटावं तिथं अंग पातळ होतं, आणि पातळ अंग जास्त पाझरतं. दरवर्षी मी घटाच्या गळ्याखाली अंगठ्याचा ठसा उठवायचो आणि तू तो ठसा पूर्वेला, ज्येष्ठाच्या ढेकळावर ठेवायचास. त्या वर्षी मी ठशाखालचं अंग थापटतच राहिलो. बोटानं दाबलं तर आत जाईल इतकं. ज्येष्ठ भिजला की पाऊस लवकर येणार, आणि लवकर येणारा पाऊस कुंभाराच्या घरात कोंडलेला नसतो. माझा एवढाच हिशेब होता. पुढं कोण काय पेरेल, हा विचार मनात आलाच नाही असं म्हणणार होतो. आला होता. मी थापटत राहिलो.

आता ती सकाळ. अठरा वर्षं मी हीच सकाळ उलटीपालटी करून बघतोय. तू घट उचललास. बोटाच्या पेरानं टिचकी मारलीस. मग दुसऱ्या बाजूला मारलीस. आवाज वेगळा आला, मला पाराच्या पाचव्या पायरीवर ऐकू आला. तू घट अर्धा फिरवलास, ठसा पश्चिमेला नेलास. तिथून तू माझ्याकडे पाहिलंस, आणि माझ्यामागे चंद्रा उभी होती, तिच्याकडे पाहिलंस. आणि घट परत फिरवून ठसा पूर्वेला आणलास. मांडलास. पाणी ओतलंस.

तुला कळलं होतं का? की नुसता सवयीनं फिरवलास?

दिवस बुडता घट उचलला तेव्हा ज्येष्ठाचं ढेकूळ नव्हतंच, चिखल होता. भाद्रपदाचं तसंच कोरडं. तू म्हणालास, "ज्येष्ठात पाऊस. भरपूर." ढेकळाकडे बघत म्हणालास. पारावर एकच कल्ला झाला. ज्यानं पहिली घागर ओतली होती त्यानंच मला मिठी मारली. तेवढ्यात कासीमभाई पुढं आला. नदीकाठची काळी जमीन त्याची, आणि दरवर्षी पेरायच्या आधी तुला विचारल्याशिवाय हात हलायचा नाही त्याचा.

"बुवा, मंग धूळपेर करू का सरकीची? बराबर सांगा."

"घट तर ज्येष्ठ म्हणून राह्यला."

"घटाचं न्हाई इचारलं. तुमचं काय?"

तू पंचांगाच्या फडक्याची गाठ सोडलीस, परत बांधलीस. "घट ज्येष्ठ म्हणतोय, कासीमभाई."

त्यानं ते हो धरलं. सगळ्या गावानं धरलं. मृगाच्या आधीच लोकांनी कोरड्या मातीत सरकी टाकली. मृग कोरडा गेला. मुंग्यांनी नेली, पाखरांनी नेली, आर्द्रात चार थेंब पडले त्यावर जी उगवली ती उन्हानं करपली. पाऊस आला तो पुनर्वसूत, तोही जेवढ्यास तेवढा. तुझ्या पंचांगात होता तसाच. कासीमभाईनं आष्टीच्या बाजारातून दुसरी सरकी आणून उशिरा पेरली; बोंड धरलं नाही. त्या साली त्याच्या दावणीचा एक बैल कमी झाला. तो तुझ्या ओसरीपुढं येऊन म्हणाला होता, "मी तुमचं इचारलं, तुम्ही घटाचं सांगितलं. असं न्हाई करत दोस्ताला." आणि त्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं.

श्रावणात पारावर लोक जमले. जोशीबुवाची नजर गेली, म्हणाले. पुढच्या पाडव्यापासून वाचायला आष्टीचा जोशी बोलवू, म्हणाले. तू एक वाक्य बोलला असतास तरी पुरं होतं. 'पाडव्याला मी काय वाचलं होतं ते आठवा.' बस. पण ते आठवलं असतं तर कुंभाराचं घरही आठवलं असतं. तू पंचांग फडक्यात बांधलंस आणि पारावरून उतरलास. मी दुसऱ्या पायरीवर बसलो होतो. माझ्या मांडीवर महिन्याची रोहिणी होती, माझ्याच घरात सुखरूप जन्मलेली, तूच नाव ठेवलेली. तिनं माझं बोट धरलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

अठरा वर्षं! दर पाडव्याला तू पारावर मागं बसून दुसऱ्याचं वाचन ऐकायचास. तो नक्षत्र चुकायचा तेव्हाही गप्प बसायचास. ज्या माणसानं माझ्याशी एका चिंचोक्यासाठी तास तास वाद घातला तो! आमच्याकडे येणं मात्र सोडलं नाहीस. खापऱ्या लिहीत राहिलास. ज्या ढगांचं आता कुणी विचारणार नव्हतं, त्यांचे दिवस मोजत राहिलास. रोहिणी तुझ्या मांडीवर बसून चिंचोके खेळायची. फक्त घटाचं नाव आपल्या दोघांत कधी निघालं नाही. आणि मला तेच खात होतं. त्या साली तू जिंकला होतास, गंग्या. तुझं पंचांग खरं, माझा घट खोटा. आश्विन आला, गेला, तू हिशेब मांडलाच नाहीस. जिंकलेला माणूस 'जिंकलो' म्हणत नाही, याचा अर्थ काय काढायचा मी?

सांगायचा प्रयत्न केला, अगदीच नाही असं नाही. एकदा नदीवर केला, तेव्हा तू बुडी मारलीस. एकदा मंठ्याच्या बाजारातून येताना केला, तेव्हा तू गाढवाच्या पाठीवरचं ओझं सरळ करत बसलास. शेवटचा या पाडव्यानंतर. तू ओसरीवर पडून होतास. मी खापऱ्यांची पाटी भरून आणली होती, तू त्यांवरून बोटं फिरवत होतास, नजर खरंच गेल्यासारखी. मी म्हणालो, "गंग्या, त्या आखितीला…" तू म्हणालास, "बाहेर जाऊन बघ बरं, ढग हायेत का." मी बाहेर गेलो. आभाळ कोरं होतं. आत आलो तर तुझा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी तुझा मुलगा जालन्याहून आला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे मडकं मागायला माणूस आला.

मुलानं ते मडकं खांद्यावर घेऊन तुला फेऱ्या घातल्या. मी ते चारी बाजूंनी सारखं थापटलं होतं. कुणाला काय त्याचं, फोडायचंच तर होतं. लांब बाभळीखाली कासीमभाई टोपी हातात घेऊन उभा होता. मला म्हणाला, "बोलायचं मी टाकलं व्हतं, सटवा. त्यानं न्हाई टाकलं. ईदला दरसाल सलाम करायचा, मी मान फिरवायचो."

आणि काल तुझ्या घरून राधावहिनींनी निरोप पाठवला. तुळशीवरच्या गळतीच्या मडक्याचं शिंकं तुटलंय, येऊन बांधून द्या. मी गेलो. मडकं हातात घेतलं. काळं पडलेलं, शेवाळलेलं, जुनं. म्हणालो, वहिनी, हे टाका, नवं देतो. त्या म्हणाल्या, "नको हो. त्यांनी कधी बदलू दिलं नाही. दर वैशाखात विस्तवावर धरून पाझर मोकळा करायचे आणि हेच टांगायचे. याला भोक पाडावंच लागत नाही. एक बाजू पातळ आहे, तिथून बरोबर तुळशीवर ठिबकतं."

माझा अंगठा आपोआप गळ्याखाली गेला. ठशात बसला.

"ही बाजू सटवाजींनी मुद्दाम पातळ केली आहे, म्हणायचे."

मी विचारलं, "कधी म्हणाले?"

"आणलं त्याच दिवशी. आखिती होती ना. पारावरून घट घेऊन आले, इथं कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, सटवानं मुद्दाम केलीय, त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. मी म्हटलं, तुळशीसाठी केली असेल तर त्यात लपवायचं काय? तर हसले नुसते. आता तेच नाहीत, म्हणून सांगितलं."

त्याच दिवशी, गंग्या. मृगाच्या आधी, आर्द्राच्या आधी, कासीमभाईची सरकी अजून पोत्यात होती तेव्हा. तू सगळं जाणून घट परत फिरवलास. तुला माहीत होतं पाऊस येणार नाही, तुझे चिंचोके तुला सांगत होते. तू माझ्या चंद्राकडे पाहिलंस आणि आपलं गणित खोटं पाडलंस. कासीमभाईसारखा माणूसही त्यापायी सोडलास.

कालपासून मी एका जागी बसलेलो नाही ते यामुळं. उपकार कळतात मला, मी दगड नाही. रोहिणी जन्मली ती तुझ्यामुळं. पण मला राग येतोय. अठरा वर्षं मी चोरासारखा तुझ्यापुढं बसलो, आणि तू समोर बसून चोर ओळखून होतास, वर त्याच्याच पडवीत ढग लिहीत होतास. दरवेळी मी तोंड उघडलं की बुडी, ओझं, 'ढग हायेत का बघ'. का रे? मला एकदा बोलू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी पाया पडलो असतो, तू चिडला असतास, आपण आठ दिवस बोललो नसतो आणि मग आश्विनात हिशेब मांडला असता. तू मला वाचवलंस आणि माफी मागायची वाट बंद केलीस. की तुला वाटत होतं, पाडव्याचं ते वाक्य वाचून तूच आधी चुकलास? आपण दोघं एकमेकांचे गुन्हेगार होतो आणि दोघंही गप्प, असं होतं का? सांग ना. आता कुठली बुडी मारतोस?

उठलो होतो परत. बांधावर कासीमभाईकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, थापीपासून. तो खाली बसला. मातीत बोट फिरवलं. मग म्हणाला, "दोनदा इचारलं मी त्याला. दोन्ही बार 'घट' म्हणाला. स्वतःचं नाव घालून झूट बोलला न्हाई तो. मला समजाया पायजे व्हतं." मी म्हणालो, मला शिव्या दे. तो म्हणाला, "देईन. बैलाच्या नावानं देईन, सावकाश. उद्या पारावर जाणार का न्हाई ते सांग आधी. मी पण येतो."

आल्यावर चंद्रालाही सांगितलं. म्हणालो, गाव चिडेल, कदाचित म्हणतील निघा इथून. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "तवा मी पोटुशी होते. आता चालता येतं मला."

उद्या आखिती. आष्टीचा जोशी यायचा आहे, घट माझ्याकडूनच जायचा आहे. नवा घट घडवलाय, सारखा. पण आधी मी वहिनींकडून तुझं ते जुनं मडकं मागून घेणार, पारावर चार ढेकळांवर ठेवणार, ठसा पूर्वेला, आणि पाणी ओतणार. सगळ्यांनी बघू दे कुठून पाझरतं ते. मग सांगणार. 'जोशीबुवांनी' असं नाही म्हणणार. भर गावात, सगळ्यांच्या देखत म्हणणार, ज्येष्ठाचं ढेकूळ मी भिजवलं आणि माझ्या गंग्यानं ते अंगावर घेतलं.